धुळीचा चालता गोळा आणि उशीवरचा काळा किडा

जूनच्या मध्यावर एका रात्री साडेअकरा वाजता दोन फोटो आले. पहिल्यात पांढऱ्या अभ्र्यावर बसलेला काळपट, लांबट किडा. दुसऱ्यात तर्जनीचं टोक, लालभडक आणि टम्म सुजलेलं. खाली एकच ओळ होती: "ताई, हा तोच आहे का?"

'तोच' म्हणजे किसिंग बग. माणसाचं रक्त पिणारा, आणि ज्याच्या विष्ठेतून चागास रोगाचा परजीवी पसरतो तो. फोटो पाठवणारा तरुण ओळखीच्या घरातला. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपने किड्याचं नाव 'ट्रायाटोमा', म्हणजे किसिंग बगचाच एक वंश, असं दाखवलं. पुढचे दोन तास दोघांनी मिळेल ते वाचून काढलं: हृदयाचा विकार, वर्षानुवर्षं लक्षणं न दाखवणारा संसर्ग, आईकडून बाळाला होणारी लागण. यातलं काहीच खोटं नाही. म्हणून तर मला फोटो येईपर्यंत गादी घराबाहेर गेली होती.

घर उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातलं. गाव सांगण्याची गरज नाही, पण प्रदेश सांगावाच लागतो. कीटकाची ओळख पटवताना तो नेहमी मोठा पुरावा असतो, आणि या प्रकरणात तर प्रजातीचं नाव शेवटी त्याच्याच आधाराने पक्कं झालं.

पाठीकडून काढलेला फोटो

पहिल्या फोटोवरून मला एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येत होती. हा रेड्युव्हिइडी कुळातला कीटक होता, म्हणजे असॅसिन बग, मराठीत मारेकरी ढेकूण. लांबट डोकं, डोळ्यांमागे आवळल्यासारखी मान, पोटावर सपाट मिटलेले पंख, आणि पंखांच्या मागच्या पातळ भागात दोन मोठे कप्पे. याच्या जागी नेहमी गल्लत होणारा पानपाया ढेकूण असता, तर त्या पातळ भागात एकमेकींना लागून पुष्कळ शिरा दिसल्या असत्या आणि मान अशी आवळलेली नसती.

पण कुळ कळलं म्हणजे फार काही कळलं असं नाही. या कुळात सुमारे ७,००० प्रजातींची नोंद झाली आहे. त्यातल्या बहुतेक सगळ्या इतर कीटकांवर जगतात: सोंड भक्ष्यात खुपसायची, लाळ सोडून आतला भाग पातळ करायचा आणि शोषून घ्यायचा. रक्तावर जगणारं उपकुळ एकच, ट्रायाटोमिनी, आणि त्यात दीडशेहून थोड्या जास्त प्रजाती. बेचाळीस-पंचेचाळिसात एक असं हे प्रमाण. त्या घरातल्या माणसांना मात्र त्या एकाचंच उत्तर हवं होतं, आणि तो त्यांचा हक्कच होता.

त्या प्रदेशात, त्या आकाराचे आणि त्या रंगाचे तीन उमेदवार माझ्या डोळ्यांसमोर होते. पहिला ट्रायाटोमा सँग्विसुगा, पूर्व अमेरिकेत आढळणारा खरा किसिंग बग. दुसरा मेलॅनोलेस्टिस पिसिपेस, एरवी दगडांखाली राहणारा, रात्री दिव्याकडे येणारा काळा शिकारी. तिसरा रेड्युव्हियस पर्सोनॅटस, मूळचा युरोपातला, माणसांच्या सामानाबरोबर अमेरिकेत पोचलेला आणि घरातच रमणारा. तिघेही साधारण दीड ते सव्वादोन सेंटिमीटरचे. अंधूक उजेडात पाठीकडून पाहिले तर तिघेही काळे, चपटे, लांबट. अ‍ॅप बाह्याकृती जुळवतं, आणि बाह्याकृती तिघांची एकच. सुतावरून स्वर्ग गाठला होता तो इथेच.

सँग्विसुगाच्या पोटाच्या कडेला, मिटलेल्या पंखांच्या बाहेर डोकावणाऱ्या भागावर, नारिंगी-पिवळसर आडवे पट्टे असतात. फोटोतल्या किड्याच्या कडेला पट्टे दिसत नव्हते. एवढ्यावरून 'नाही' म्हणून टाकावं असा मोह मला झाला. पण फोटो दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेला, कडा धूसर, आणि जुन्या वाळक्या नमुन्यात पट्टे काळवंडलेले मी स्वतः पाहिले आहेत. शिवाय 'पट्टे नाहीत म्हणजे किसिंग बग नाही' हा नियम सगळीकडे चालत नाही. पश्चिम अमेरिकेत ट्रायाटोमा प्रोट्रॅक्टा नावाची प्रजाती जवळजवळ संपूर्ण काळपट असते. तेव्हा मी एवढंच लिहिलं: "असॅसिन बग नक्की. कोणता ते या फोटोवरून सांगता येणार नाही. किडा टाकू नका. डोकं बाजूने दिसेल असा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. डॉक्टरांना उद्याच दाखवा, माझ्या उत्तरासाठी थांबू नका."

किडा त्याने कागदी रुमालात चिमटून मारला होता आणि बरणीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला होता. घाबरलेला माणूस सहसा किडा चपलेने चिरडतो आणि केरात टाकतो. त्याने ठेवून दिला, म्हणूनच पुढचं सगळं शक्य झालं.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजूने काढलेला फोटो आला. या फोटोत मला सोंड पाहायची होती. किसिंग बगची सोंड बारीक आणि सरळ असते, डोक्याच्या खालच्या बाजूला समांतर टेकलेली. शिकारी असॅसिन बगची सोंड आखूड, जाड आणि धनुष्यासारखी वाकलेली. बाजूने पाहिलं तर डोकं आणि सोंड यांच्यामध्ये फट दिसते. या कुळात ओळख पटवायला इतकी उपयोगी खूण दुसरी नाही, आणि ती मी कितीतरी जणांना शिकवली आहे.

फोटोत सोंड सरळ दिसत होती.

मी तो फोटो मोठा करकरून पाहिला आणि लिहिलं: "सोंड सरळ वाटते आहे. त्यामुळे किसिंग बग नाही असं आत्ता म्हणता येत नाही." वाक्य सावध होतं, पण घाबरलेल्या माणसाला 'म्हणता येत नाही' हे शब्द ऐकूच येत नाहीत. त्याच्यापर्यंत पोचलं ते 'हाच आहे' असं. पुढचे तीन दिवस त्या घरात कोणी धड झोपलं नाही, हे मला नंतर कळलं. त्या तीन दिवसांचं ओझं माझ्यावर आहे, आणि हे प्रकरण सविस्तर लिहून काढण्याचं मुख्य कारण तेच.

रुमालात चिमटताना किड्याचं डोकं दाबलं गेलं होतं. दाबामुळे सोंड घडीतून बाहेर येऊन पुढे ताणली गेली होती आणि फ्रीजरमध्ये तशीच कडक झाली होती. जिवंत असॅसिन बगसुद्धा भक्ष्य टोचताना सोंड अशीच पुढे काढतो. सरळ की वाकडी ही खूण विश्रांतीच्या स्थितीतल्या सोंडेची आहे. हा नमुना विश्रांतीत नव्हता, चिरडलेला होता. ही शंका मला फोटो पाहतानाच यायला हवी होती.

दुसरी चूक त्याहून साधी. मी 'चावला कसा' हे विचारलंच नव्हतं. "रात्री चावला" असं त्याने लिहिलं होतं आणि मी मनातल्या मनात त्याला झोपवून टाकलं. तिसऱ्या दिवशी फोनवर बोलताना त्याने सहज सांगितलं की दिवा मालवायला गेला तेव्हा उशीवर किडा दिसला, झुरळासारखं काहीतरी असेल म्हणून त्याने तो दोन बोटांनी उचलला आणि त्याच क्षणी सुई खुपसल्यासारखी कळ मस्तकात गेली. हात झटकला, किडा खाली पडला, मग रुमाल.

हे ऐकल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. किसिंग बगला दहा-वीस मिनिटं निवांत रक्त प्यायचं असतं. यजमान जागा झाला तर त्याचं पोट भरणार नाही, त्यामुळे त्याचं टोचणं सहसा झोपमोडही करत नाही. शिकारी असॅसिन बग माणसाला चावतो तो फक्त जीव वाचवायला, आणि तेव्हा ती वेदना झाली तरच त्याची सुटका होते. ऑस्ट्रेलियातल्या प्रिस्थेसँकस प्लॅजिपेनिस या असॅसिन बगवर झालेल्या संशोधनात तर असं दिसलं की त्याच्या विषग्रंथीच्या पुढच्या आणि मागच्या कप्प्यांत वेगवेगळं विष तयार होतं. मागच्या कप्प्यातलं भक्ष्याला लुळं करायला, पुढच्यातलं बचावाला.

चिमटीत धरल्यावर क्षणात आलेली कळ हा काही अवयवांचा पुरावा नव्हे, आणि त्यावर नाव ठरत नाही. किसिंग बगला चिमटीत धरलं तर तोही टोचू शकतो. पण झोपेत नकळत रक्त प्यायल्याची जी गोष्ट आम्ही सगळ्यांनी धरून ठेवली होती, ती घडलीच नव्हती. विष्ठेतून संसर्ग होण्यासाठी किड्याला अंगावर बसून पोटभर रक्त प्यावं लागतं, तिथेच विष्ठा टाकावी लागते आणि ती जखमेत किंवा डोळ्यातोंडात चोळली जावी लागते. यातलं काहीच झालेलं नव्हतं. हे पहिल्याच रात्री विचारलं असतं, तर किडा कोणताही असो, त्यांची निम्मी भीती तेव्हाच उतरली असती.

भिंगाखाली

पाचव्या दिवशी बरणी माझ्याकडे पोचली. वाळलेला नमुना तसाच हाताळला तर पाय आणि मिशा तुटतात, म्हणून तो ओलसर कागद घातलेल्या बंद डबीत एक दिवस ठेवला. सांधे सैल झाल्यावर पातळ चिमट्याने सोंड सोडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतली.

लांबी १९ मिलिमीटर. तिघांपैकी कोणीही असू शकतं.

सोंडेचे दिसणारे भाग तीन. पहिला भाग जाडजूड, आणि सोंड पुढे ताणलेली असली तरी तो भाग मुळातच बाकदार. फोटोत मला सरळ दिसला होता तो एकूण कोन, भागांचा आकार नव्हे. मग मी दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांमधला सांधा पाहिला. किसिंग बगमध्ये तिथे पातळ, लवचीक पडदा असतो आणि त्यामुळे रक्त पिताना सोंडेचं टोक वरच्या बाजूला वळू शकतं. इथे तसा पडदा नव्हता, सांधा आखूड आणि घट्ट होता. चिरडलेल्या नमुन्यातही ही खूण टिकते. सोंडेचा कोन बदलतो, जाडी आणि सांधे बदलत नाहीत.

मग मिशांची मुळं. ट्रायाटोमा वंशात डोळ्यांपुढे डोकं बरंच लांब असतं आणि मिशा डोळे व डोक्याचं टोक यांच्या साधारण मध्यावर उगवतात. या किड्याचं डोळ्यांपुढचं डोकं आखूड होतं आणि मिशा डोळ्यांच्या जवळ होत्या. ट्रायाटोमा वंश इथे बाद झाला. सावधगिरी म्हणून सांगते, मिशांची खूण एकटी वापरू नये. पॅनस्ट्राँगायलस हा किसिंग बगचाच वंश आहे आणि त्याच्याही मिशा डोळ्यांजवळ असतात. तो दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला असल्यामुळे इथे अडचण नव्हती, शिवाय सोंडेने त्यालाही आधीच वगळलं होतं.

अशा वेळी भरवशाच्या वाटणाऱ्या, पण या प्रश्नाला निरुपयोगी ठरणाऱ्या खुणाही लिहून ठेवायला हव्यात, कारण लोक त्यांच्यावर विसंबतात. पुढच्या पायांच्या मध्ये छातीखाली एक बारीक रेघांची खाच असते. सोंडेचं टोक तिच्यावर घासून हे कीटक किर्र आवाज काढतात. नमुन्यात ती खाच सुरेख दिसत होती, पण ती किसिंग बगमध्येही असते. पंखांमधले दोन कप्पे दोघांतही असतात. नडग्यांच्या टोकाशी असलेली मखमली गादी, जिने हे कीटक भक्ष्य घट्ट पकडतात, तीही काही किसिंग बगमध्ये सापडते, विशेषतः नरांमध्ये. या तिन्ही गोष्टी पाहून माझी कुळाबद्दलची खात्री पुन्हा एकदा झाली, पण मूळ प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

पोटाची कडा मी ओल्या कुंचल्याने पुसून घेतली. अखंड काळपट तपकिरी, एकही पट्टा नाही. आता, इतर खुणांच्या जोडीने, या रंगाला वजन होतं.

राहिला मेलॅनोलेस्टिस. त्याला वेगळं करायला छातीची पाठ पाहावी लागते. डोक्यामागच्या ढालीसारख्या भागावर एक आडवी चिमट असते आणि तिच्यामुळे पुढचा व मागचा असे दोन भाग पडतात. मेलॅनोलेस्टिस ज्या पायरेटिनी उपकुळात येतो त्यात ही चिमट बरीच मागे असते, म्हणजे पुढचा भाग मोठा आणि मागचा लहान. माझ्या नमुन्यात उलट होतं: पुढचा भाग आखूड, फुगीर, मधोमध उभी खाच असलेला, मागचा रुंद. पायही पायरेटिनीसारखे पुढच्या बाजूला जाडजूड नव्हते, बारीक आणि केसाळ होते. मिशांची शेवटची टोकं तर दोऱ्यासारखी.

या सगळ्यांतून रेड्युव्हियस वंश नक्की झाला. अमेरिकेत या वंशाच्या आणखी काही प्रजाती आहेत, उदाहरणार्थ रेड्युव्हियस सेनिलिस, पण त्या नैऋत्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या, आणि सेनिलिस तर फिकट तपकिरी रंगाचा. ईशान्येत, घरात, काळा, १९ मिलिमीटर: रेड्युव्हियस पर्सोनॅटस. प्रजातीपर्यंतची शेवटची पायरी मी प्रदेश आणि रंग यांच्या आधाराने चढले, हे मी त्या तरुणालाही सांगितलं. किडा कुठून आला हे माहीत नसतं, तर मी वंशावर थांबले असते.

कोपऱ्यातला गोळा

नाव कळवायला फोन केला तेव्हा सवयीने विचारलं, "घरात आणखी असं काही दिसलं का? लहान, पंख नसलेलं?" तो नाही म्हणाला. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला: "तो धुळीचा गोळा सांग ना त्यांना."

पुस्तकांच्या खोक्यांमागे, भिंतीच्या कोपऱ्यात, तिने आठवड्यापूर्वी धुळीचा एक गोळा सरकताना पाहिला होता. वाऱ्याने हलला असेल असं नवरा म्हणाला. ती म्हणाली, वारा थांबत थांबत वाहत नाही. तिचं निरीक्षण अगदी अचूक होतं: दोन पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं.

पर्सोनॅटस हा शब्द मुखवटा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये या कीटकाला नाव दिलं तेव्हा त्याला ढेकणाच्या वंशात घातलं होतं, सायमेक्स पर्सोनॅटस म्हणून. पुढे १७७५ मध्ये त्याचा शिष्य फॅब्रिशियसने रेड्युव्हियस हा वंश वेगळा काढला, आणि आज सबंध कुळाला याच वंशावरून नाव आहे. मुखवटा असतो तो पिल्लांचा. पिल्लाच्या अंगावर चिकट स्राव सोडणारे केस असतात. धूळ, कापसाचे तंतू, वाळूचे कण, जे मिळेल ते पिल्लू मागच्या पायांनी अंगावर ओढून घेतं. डोकं, पाठ, पाय, अगदी मिशांची मुळंही झाकली जातात. इंग्रजीत म्हणूनच त्याला मुखवटाधारी शिकारी म्हणतात.

गोळा पाहून लगेच निकाल द्यायचा नाही, एवढं मी त्या आठवड्यात नव्याने शिकले होते. धूळ अंगावर वागवणारे इतरही आहेत. घरातल्या भिंतींवर फिरणारी पतंगाची एक अळी स्वतःभोवती कचऱ्याची चपटी पिशवी विणते, पण तिला पिशवीतून डोकं आत-बाहेर करता येतं. जाळपंखी किड्याची अळी पाठीवर कचरा वाहते, पण तिचे जबडे विळ्यासारखे पुढे आलेले असतात. आणि इथे खरी मेख आहे: काही किसिंग बगची पिल्लंही मातीत लपताना अंगावर धूळ घेतात. मध्य अमेरिकेतला ट्रायाटोमा डिमिडिएटा त्यासाठी माहीत आहे. म्हणजे धुळीचं पांघरूण पाहून 'हा निरुपद्रवी मुखवटेवाला' असं म्हणणंही तितकंच उतावीळ.

त्यांनी गोळा काचेच्या पेल्याखाली पकडला, कागद सरकवून बरणीत घेतला आणि दोन दिवसांनी मला आणून दिला. जिवंत. मी त्याला बशीत ठेवून ओल्या कुंचल्याने पाठ साफ केली. त्याला ते मुळीच आवडलं नाही. धुळीखालून तपकिरी, केसाळ पिल्लू निघालं. पंखांच्या कळ्या चांगल्या वाढलेल्या, म्हणजे पाचवी आणि शेवटची पिल्लावस्था. सोंड विश्रांतीच्या स्थितीत होती, आणि ती बाकदार होती. जिवंत, न दबलेल्या जिवाची सोंड. काही दिवसांपूर्वी मला हेच पाहायला मिळालं असतं तर.

पिल्लाच्या बाबतीत आणखी एक खूण आहे आणि ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. पोटाच्या पाठीवर, मध्यरेषेवर, एकामागे एक गंधग्रंथींच्या खुणा असतात. किसिंग बगच्या पिल्लांमध्ये या ग्रंथी नसतातच. धूळ काढल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून कोणी फारसं पाहत नाही. या पिल्लाच्या पाठीवर तीन खुणा स्पष्ट होत्या.

जुनीच गफलत

या कीटकाला किसिंग बग समजण्याची चूक त्या घरातली पहिली नव्हती. हे नावच मुळी अशा गोंधळातून रूढ झालं. १८९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या की झोपलेल्या माणसांच्या ओठांना चावणारा कुठलासा किडा शहरात आला आहे. बातम्या देशभर पसरल्या, लोक कुठलाही किडा घेऊन डॉक्टरांकडे धावू लागले, आणि 'किसिंग बग' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. अमेरिकेच्या कृषी खात्यातले प्रमुख कीटकशास्त्रज्ञ लेलँड हॉवर्ड यांनी त्याच वर्षी या प्रकाराबद्दल लिहिलं. चावऱ्या किड्यांच्या त्यांच्या यादीत रेड्युव्हियस पर्सोनॅटस होता आणि मेलॅनोलेस्टिस पिसिपेसही होता. माझ्या तीन उमेदवारांपैकी दोघे.

ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी ट्रायाटोमिनी उपकुळातले कीटक, त्यांच्या आतड्यातला परजीवी आणि माणसाचा आजार यांची सांगड घातली ती १९०९ मध्ये, त्या घबराटीनंतर दहा वर्षांनी. नाव पुढे त्या रक्तपिप्या उपकुळाला चिकटलं आणि भीतीला खरं कारण मिळालं. पण मुखवटेवाल्याची सुटका काही झाली नाही. आजही किसिंग बग म्हणून तपासायला येणाऱ्या किड्यांत तो हमखास असतो.

त्या घरात पुढे

मी त्यांना लेखी उत्तर पाठवलं. त्यात नाव होतं, कोणत्या खुणांवरून ते ठरवलं ते होतं, आणि माझं दुसऱ्या दिवशीचं वाक्य का चुकलं हेही होतं. ते उत्तर त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. चागासची तपासणी करायची की नाही हा निर्णय डॉक्टरांचा, माझा नव्हे, हे मी आधीच स्पष्ट केलं होतं. चावा कसा झाला आणि किडा कोणता हे कळल्यावर डॉक्टरांनी तो साधा दंश म्हणून हाताळला. सूज चार-पाच दिवसांत उतरली.

किडा घरात का होता हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो योग्य होता. मुखवटेवाला घरात येतो तो भक्ष्यामागे. खाटेतले ढेकूण हे त्याचं जुनं खाद्य, म्हणून मी त्यांना खाटेच्या फटी आणि भिंतीलगतच्या पट्ट्या बॅटरी लावून तपासायला सांगितल्या. ढेकूण सापडले नाहीत. पुस्तकांच्या खोक्यांमध्ये मात्र कसर पुष्कळ होती, तीच रुपेरी, चपळ, कागद खाणारी. खोकी उन्हात टाकून, झटकून, झाकणाच्या डब्यांत भरली. फवारणी करू नका असं मी सांगितलं. भक्ष्य गेलं की शिकारीही जातो, आणि गरोदर बाईच्या घरात विषाचा फवारा मारण्याइतकं तिथे काही नव्हतं. खिडकीची एक फाटकी जाळी त्यांनी बदलून घेतली. गादी परत आली.

पिल्लू माझ्याकडे राहिलं. दर दोन दिवसांनी मी त्याला एखादी माशी देत असे. बशीत आणल्यानंतर चोवीस तासांत त्याने बरणीच्या तळाशी ठेवलेली धूळ पुन्हा अंगावर चढवली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते तीन दिवस हललं नाही, माशीकडेही वळलं नाही. मला वाटलं गेलं. चौथ्या दिवशी सकाळी बरणीत दोन जण होते. एक धुळीने माखलेला, जिथल्या तिथे, पाठीवर उभी चीर पडलेला, आतून रिकामा. दुसरा त्याच्याशेजारी, लालसर, मऊ, नव्या पंखांचा, अंगावर धुळीचा कणही नसलेला. संध्याकाळपर्यंत तो गडद होत होत उशीवरच्या किड्यासारखा दिसू लागला. पुढचा भाग आखूड, मधोमध खाच, कडेला पट्टे नाहीत, सोंड बाकदार.

त्या तरुणाच्या बायकोला मी फोटो पाठवला. तिने फक्त विचारलं, "मग तो गोळा कुठे गेला?"

गोळा माझ्याकडे आहे. टाकलेली कात मी धुळीसकट पिनेवर लावली, शेजारी तिच्यातून निघालेला प्रौढ आणि त्याच्याशेजारी रुमालात चिरडलेला. तिघांच्या खाली एकाच मजकुराच्या चिठ्ठ्या आहेत: रेड्युव्हियस पर्सोनॅटस, घरात, झोपण्याची खोली. चिरडलेल्याच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त आहे: 'सोंड दाबाने ताणलेली, कोन ग्राह्य धरू नये.'